पुण्याहून मुंबईला जाऊन क्रूझ घेतोय. केबिनच्या बाल्कनीत नाश्ता करता येतो का?

येतो, पण वाऱ्याचा हिशोब धरा. जहाज 18 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 33 किलोमीटरने जात असेल, तर हवा पडलेली असतानाही समोरून तेवढाच वारा लागतो. शेव घातलेले पोहे तिथे मागवूच नका; ऑम्लेट-टोस्ट किंवा इडली बरी. पेपर नॅपकिन ताटलीखाली दाबा. खरी मजा जहाज बंदरात उभं असताना.

नाश्त्याला काय हवं ते लिहून द्यायचं रूम सर्व्हिसचं कार्ड असेल तर ते भरून रात्रीच केबिनच्या दाराबाहेर अडकवा. वेटर आला की आधी बाल्कनीचं दार लावा, मगच केबिनचं उघडा. दोन्ही एकदम उघडली तर झोत आरपार जाऊन दार धाडकन आपटतं, बोटं चेंगरतात. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की बऱ्याच जहाजांवर एसी बंद पडतो. मेणबत्ती नको, खरकटंही समुद्रात नको.