कोंबुचा स्पर्धेला नेताना

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत घरी आंबवलेल्या पेयांची स्पर्धा आहे. माझ्या कोंबुचाची (आंबवलेल्या गोड चहाची) एक बाटली उघडताच अर्धी ओट्यावर सांडते, दुसरीत बुडबुडाच नसतो. काय चुकतं? बिअरही ठेवावी का?

उत्तर : बिअर नको, महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय ती घरी करता येत नाही.

तुमची चूक बाटल्या भरताना होते आहे. यीस्ट बरणीच्या तळाशी बसतं, त्यामुळे शेवटच्या बाटलीत सगळा गाळ उतरतो आणि तीच फसफसते. भरण्याआधी द्रव एका पातेल्यात गाळून हलकेच ढवळा. बुडबुड्यांसाठीची साखर चमच्याने घालू नका, वजन करून लिटरमागे ५ ग्रॅम घाला. बाटल्या जाड काचेच्या, दाब सोसणाऱ्याच हव्यात. सोबत एक प्लास्टिकची बाटली भरा. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजमध्ये. ठाण्याच्या उकाड्यात हे दीड दिवसातही होतं! रात्रभर गार होऊ द्या, कारण थंड द्रवात वायू विरघळून राहतो. नेताना बर्फाच्या डब्यात, उभ्या.

बरणीत वर कोरडी, केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेकाच. तपकिरी धागे मात्र यीस्टचे, ते चालतात.

आणि थोडं विरजण वेगळ्या बाटलीत न्या. कुणाची बरणी बिघडलेली असतेच, ते त्यांना द्या. परीक्षकांचा शेराही मागून घ्या. ‘व्हिनेगरसारखा’ असं लिहिलं असेल तर पुढच्या वेळी एक दिवस आधी काढा.