व्याजदर बदलले की निवृत्तीच्या पुंजीचं काय करायचं?

प्रश्न : ठेवींवर आता पूर्वीपेक्षा बरंच जास्त व्याज मिळतंय. सगळी पुंजी ठेवीतच टाकू का?

छापील दर पाहून हुरळून जाऊ नका. व्याजातून आधी कर वजा करा, मग महागाई. ७ टक्के व्याजावर २० टक्के कर गेला की हातात ५.६ उरतात. महागाई ६ टक्के असेल तर पुंजी आकड्यात वाढली, खरेदीत घटली. याउलट ४ टक्के व्याज आणि २ टक्के महागाई असेल, तर तोच कर भरूनही पदरात १.२ टक्के पडतात. कमी व्याजाच्या काळात सगळे कुरकुरतात, पण पुष्कळदा तोच काळ बरा असतो. आणि सगळं व्याज खर्चून 'मुद्दलाला हात लावला नाही' असं समाधान मानू नका. ६ टक्के महागाईत त्या मुद्दलाची किंमत साधारण १२ वर्षांत निम्मी होते.

प्रश्न : सुरक्षित म्हणून डेट फंड घेतला. व्याजदर वाढले आणि त्याचं मूल्य उलट खाली आलं. पैसे काढून घेऊ?

डेट फंड तुमचा पैसा रोख्यांत, म्हणजे ठरलेलं व्याज देणाऱ्या कर्जपत्रांत, गुंतवतो. दर वाढले की जुने रोखे स्वस्त होतात. समजा, १० वर्षांचा, ५ टक्क्यांचा रोखा तुम्ही १०० ला घेतला आणि लगेच तसाच नवा रोखा ६ टक्क्यांनी मिळू लागला. मग तुमचा रोखा १०० ला कोण घेईल? तो ९२.६ च्या आसपास विकला जाईल. मुदत एकच वर्ष असती तर घट १ टक्क्याहूनही कमी.

फंडाच्या माहितीपत्रकात 'ड्युरेशन' हा आकडा असतो. तो ७ असेल तर दर एका टक्क्याने वाढल्यावर मूल्य साधारण ७ टक्के पडतं. पैसा लागायला सात-आठ वर्षं असतील तर थांबा. फंडात जास्त व्याजाचे रोखे येत राहतात आणि खड्डा भरत जातो. पुढच्याच वर्षी लागणारा पैसा मात्र तिथे ठेवायचाच नसतो.

प्रश्न : दर उतरणार म्हणतात. आताच सगळी रक्कम दहा वर्षांसाठी अडकवू का?

दरांचे अंदाज बांधणं हाच ज्यांचा पेशा, त्यांचेही चुकतात. रकमेचे पाच भाग करून एक ते पाच वर्षांच्या ठेवींत ठेवा. दरवर्षी एक ठेव मोकळी होईल. लागेल तेवढं खर्चा, उरलेलं पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवा. दर चढले तर तेवढ्यावर नवा दर मिळतो, पडले तर बाकीचे चार भाग जुन्या दरावर टिकतात.

प्रश्न : महागाईशी जोडलेले सरकारी रोखे घेतले की चिंता मिटली ना?

बरीचशी. ब्रिटनने ते १९८१ मध्ये काढले, अमेरिकेने १९९७ मध्ये. महागाईच्या निर्देशांकाबरोबर त्यांचं मुद्दल वाढतं. तरीही २०२२ मध्ये, अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर गेली असताना, या रोख्यांचे भाव पडले, कारण व्याजदर झपाट्याने वर गेले. लांब मुदतीवाल्यांना जास्त फटका बसला. मुदत संपेपर्यंत धरणाऱ्याला महागाईची भरपाई मिळतेच. तेव्हा ज्या वर्षी खर्च, त्याच वर्षी संपणारी मुदत निवडा.

प्रश्न : आणि सोनं?

थोडं असू द्या. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला ८५० डॉलरवर गेलं आणि तो भाव ओलांडायला जानेवारी २००८ उजाडलं. मधल्या २८ वर्षांत महागाई काही थांबली नव्हती आणि सोनं व्याजही देत नाही. दहा वर्षांपलीकडच्या खर्चासाठी मला समभागांचा एक हिस्सा अधिक भरवशाचा वाटतो, अर्थात मधली पडझड पाहून विकणार नसाल तर.