वडिलांना पार्किन्सन्स आहे, रात्री झोपत नाहीत. झोपेची गोळी सुरू करावी का?

मनाने मुळीच नको. आधी सांगा, रात्री त्यांच्या खोलीत कोण झोपतं? त्या माणसाला विचारलंत का?

आमच्या आईला कुणी विचारलं नव्हतं. आण्णांचा हात थरथरायला लागला 2016 मध्ये, पण त्याआधी सहा-सात वर्षं ते झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पहाटे तीन-चारला ‘हाड, हाड’ करत अंगावर आलेली कुत्री हाकलायचा. एकदा त्यात आईच्या डोळ्याखाली बुक्की बसली. जागे झाल्यावर आण्णांना कुत्रं आठवत होतं, मारलेलं आठवत नव्हतं. आईचा चेहरा बघून ते रडले. आत्या मात्र म्हणाली, “माझा भाऊ बायकोवर हात टाकणारा नाही, हिनेच काहीतरी केलं असेल.” त्या दिवसापासून आई खाली सतरंजीवर झोपायला लागली आणि त्या विषयावर गप्प झाली.

फार उशिरा न्यूरॉलॉजिस्टनी उलगडून सांगितलं. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) हातपाय ढिले करून ठेवतो. ते बिघडलं की माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणातच करतो. शेंक आणि महोवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी 1986 मध्येच याचं वर्णन केलंय. पार्किन्सन्सच्या बऱ्याच लोकांत हे कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं.

आता गोळीचं. झोप का मोडते ते आधी बघा. रात्री लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) असर उतरला की अंग लाकूड होतं, कूस बदलता येत नाही. आण्णांचं तेच होतं, शिवाय तीनदा लघवीला उठणं. डॉक्टरांनी रात्री जास्त वेळ असर टिकणारी लेव्होडोपा दिली, संध्याकाळची अमॅन्टाडीन दुपारी आणली (हेही पार्किन्सन्सचंच औषध, ते झोप उडवतं), झोपेतलं ओरडणं कमी व्हावं म्हणून मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) दिलं. बाकी झोपेची गोळी लागलीच नाही. ओरडण्यावर क्लोनाझेपाम नावाची गोळीही देतात, पण त्याच्या गुंगीत बाथरूमला जाताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडायचं.

दादा अजून म्हणतो, आईने वेळेवर सांगितलं असतं तर आजार लवकर कळला असता. अरे, गप्प होईपर्यंत ती सांगतच होती! आणि कळला असता तरी आजार थांबवणारं औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. पण पलंग वेगळे केले असते, उशाशी असलेलं टोकदार टेबल हलवलं असतं, आणि आईला चार बायकांत तोंड लपवावं लागलं नसतं.

मी डॉक्टर नाही. प्रत्येकाची औषधं वेगळी असतात, डोस स्वतः बदलू नका, लेव्होडोपा अचानक बंद तर कधीच करू नका. वडिलांच्या खोलीत तुमच्या आई झोपत असतील तर पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. डॉक्टरांसमोर त्यांना बोलू द्या, मध्ये तुम्ही बोलू नका.