वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची ड्रॉइंग्ज

प्रश्न : माझे वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे होते, जिग-फिक्श्चरची, म्हणजे यंत्रकामात सुटा भाग अचूक जागी पकडून ठेवणाऱ्या साधनांची, रचना ते स्वतः करीत. त्यांच्या मागे ब्ल्यूप्रिंटच्या गुंडाळ्या, ट्रेसिंग आणि आकडेमोडीच्या वह्या माळ्यावर पडून आहेत. थोर अभियंत्यांची स्मारके होतात. अशा माणसांचे काम पुढच्या पिढीसाठी कसे जपावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : थोरांचे कामही स्मारकांमुळे टिकलेले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. त्या मार्गाचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांचे नाव किती ठाणेकरांना ठाऊक असेल? तरीही त्यांचे काम आज अभ्यासता येते, कारण १८६० मध्ये त्यांनी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये त्याविषयी सविस्तर निबंध सादर केला आणि तो छापला गेला. छपाईचे खिळे ओतणारी यंत्रे रचणाऱ्या शंकर आबाजी भिसे यांचे कामही पुतळ्यापेक्षा पेटंटच्या कागदांत अधिक नेमके सापडते.

म्हणून तुमच्या वडिलांच्या वह्या मला ड्रॉइंगहून मोलाच्या वाटतात. एखादी पिन तीनदा का बदलावी लागली, हे अंतिम ड्रॉइंगमध्ये कधीच दिसत नाही.

सारे कागद आधी माळ्यावरून खाली काढा. ठाण्याच्या पावसाळ्यात तो माळा वाळवीचे माहेरघर होतो. ब्ल्यूप्रिंटची निळाई उजेडाने फिकटते, शिवाय अल्कलीच्या (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाच्या) संपर्कानेही जाते. त्यामुळे ‘आम्लविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, पण अल्कली मिसळलेल्या कागदात ती ठेवू नये. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेने उमटवलेल्या ड्रॉइंगच्या प्रती, शेजारच्या कागदांना डाग पाडतात, तेव्हा त्यांची फाइल वेगळी असावी. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांच्या वाटेला जाऊच नका. ठिसूळ झालेली गुंडाळी जबरदस्तीने उलगडू नये. प्रत्येक कागदामागे हलक्या हाताने, शिसपेन्सिलीने, यंत्राचे नाव आणि ठाऊक असेल तर वर्ष लिहावे. स्कॅन करताना इंचाला किमान ३०० बिंदू ठेवावेत आणि प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात.

मात्र स्कॅनिंगच्याही आधी, वडिलांबरोबर काम केलेले जे फिटर-टर्नर आज हयात असतील त्यांना गाठा, ड्रॉइंग त्यांच्यापुढे पसरा आणि ते जे सांगतील ते त्यांच्या संमतीने, तारखेसह ध्वनिमुद्रित करून ठेवा. कागद आणखी वर्षभर थांबतील.