धडाधड वाचतो, पण विचारलं की गप्प

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे, मराठी मीडियम. धडा एकदम फास्ट वाचतो, जोडाक्षरंपण अडत नाहीत, पण काय वाचलंस विचारलं की गप्प. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं मात्र बरोबर लिहितो. रोज जास्त पानं वाचायला लावू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, पानं अजिबात वाढवू नका. आणि त्या बरोबर उत्तरांवरही जाऊ नका. 'टिंबळ्या ढमकात गेला', कोण गेला? टिंबळ्या. बघा, उत्तर बरोबर आलं आणि कळलं काहीच नाही, मुलं शब्द जुळवून वाक्य उतरवतात तेव्हा हेच होतं.

गॉफ आणि टनमर ह्या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं वाचता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं, आणि गुणाकार असल्यामुळे एक बाजू अगदी कमी असली की दुसरी कितीही चांगली असून भागत नाही. म्हणून आधी एक करा, नवीन गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि मग त्याला सांगायला लावा. ऐकून नीट सांगितली तर त्याचं लक्ष स्पीडमध्ये जातंय, फास्ट वाचल्याचं कौतुक थांबवा आणि परिच्छेद संपला की थांबून त्याच्या शब्दात सांगू दे. ऐकूनही जमलं नाही तर शब्द किंवा माहिती कमी पडतेय.

माहितीचं फार महत्त्व आहे हो. 'पावसाची सर आली आणि आजी गच्चीवरच्या कुरडयांकडे धावली.' का धावली ते वाक्यात कुठेच नाही, पण ज्याने घरी वाळवण बघितलंय तो पटकन सांगेल. त्यामुळे बाजारात, शेतात, किचनमध्ये त्याच्याशी भरपूर बोला, हे पण वाचनाचंच काम आहे असं मला मनापासून वाटतं.

रात्री रोज एक गोष्ट तुम्ही वाचा, मध्येच थांबून 'आता काय होईल?' विचारा आणि उत्तर आलं की 'कशावरून?' हे नक्की विचारा. चुकलं तर रागावू नका, परत मागे जाऊन दोघं मिळून बघा. पुस्तकं नसतील तर प्रथम बुक्स ह्या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी फ्री आहेत, लेव्हलप्रमाणे लावलेल्या, फोनवरही वाचता येतात.

महिना-दोन महिने करून बघा, आणि तरी साधी गोष्ट ऐकूनही सांगता येत नसेल तर बाईंशी बोला आणि त्याचे कान एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या.