दीड वर्षाचा होऊनही बोलत नाही, काय बघू?

अगं, शब्द मोजत बसू नकोस, आधी बाकीचं बघ. तो मागून हाक मारल्यावर वळतो का, आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का की तुझा हात धरून ओढत नेतो, चिऊ दिसली की "बघ बघ" करून तुझ्याकडे वळून बघतो का, कारण बोलण्याच्या आधी हे यायला लागतं आणि दीड वर्षाला बोटच दाखवत नसेल तर थांबायचं नाही. सासूबाई म्हणतील याचा बापपण उशिरा बोलला, म्हणू देत.

पहिलं काम म्हणजे कानाची टेस्ट, बेरा सांगतात बहुतेक. दार वाजल्यावर दचकतो म्हणजे ऐकू येतं असं धरू नकोस, कमी ऐकू येणारी मुलंपण मोठ्या आवाजाला दचकतात.

नऊ महिने भरायच्या आधी जन्मला असेल तर जितके आठवडे लवकर झाला तेवढे वयातून वजा करून बघ. पण येत असलेले शब्द किंवा टाटा करणं बंद झालं असेल तर वय कितीही असो, लगेच डॉक्टर. खाजगी थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणाऱ्या सरकारी केंद्राची, चौकशी कर, तिथे तपासणी फुकट असते. आणि जेवताना मोबाईल बंद कर बाई!