प्राणी खाण्याच्या वादात करुणेला 'नुसती भावना' म्हणून बाजूला सारता येतं का?

माझ्या मते नाही. 'तुम्ही उगाच हळवे होताय' म्हणणाराही ताटातल्या तुकड्याला डोळा दिसला की हात आखडतो. भावना दोन्हीकडे आहे, एकीकडे झाकलेली, इतकंच. शिवाय यात तर्कही आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ मध्येच म्हटलं होतं की प्राण्याला बुद्धी आहे का हे सोडा, त्याला यातना होतात का ते बघा.

अध्यात्माचा दाखला मात्र जपून द्यावा. जैन मताचा नकार ठाम आहे. पण पाली विनयात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या जुन्या नियमग्रंथात, भिक्खूला भिक्षेतलं मांस चालतं. ते त्याच्यासाठी मारल्याचं त्याने पाहिलेलं, ऐकलेलं नसावं, तसा संशयही नसावा. बुद्धांचा चुलतभाऊ आणि शिष्य देवदत्त याने मांसावर सरसकट बंदी मागितली, ती बुद्धांनी नाकारली. आणि महायान या नंतरच्या बौद्ध पंथातल्या लंकावतार सूत्रात मांसाला साफ मनाई! म्हणजे एकाच बौद्ध परंपरेत दोन्ही उत्तरं सापडतात.